कोरडा कान

मी दुसरीत होतो तेव्हा माझा डावा कान वाहायला लागला, तो पुढे सदतीस वर्षं वाहत राहिला. आई तेलात लसणाच्या पाकळ्या टाकून कोमट करायची, दोन थेंब कानात सोडायची आणि वर कापसाचा बोळा लावायची. त्या काळी गावातल्या निम्म्या पोरांचे कान वाहायचे. मोठं झालं की थांबतं, असं सगळे म्हणायचे. बऱ्याच जणांचं थांबलंही. माझं थांबलं नाही, पण तोवर त्याची सवय झाली होती. खिशात रुमाल असतो तसा माझ्या खिशात कापूस असायचा.

फैजपूरला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आमच्याकडे केळीला पाणी चुकवून चालत नाही, त्यामुळे मोटर जळाली की शेतकरी ती तशीच उचलून दुकानात आणतो. जळकी तार काढायची, नव्या कॉइल भरायच्या, वार्निश करून वाळवायचं, बेरिंग बघायचं. बेरिंग बघायची म्हणजे खरं तर ऐकायची. मोटर चालू करून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आत गोळ्या घासल्या असतील तर ती खरखर सरळ डोक्यात येते. हे मी नेहमी डाव्या बाजूने करायचो. उजव्या कानामागे मूठ लावली तर तेवढं स्वच्छ कळत नसे. डाव्या बाजूने मला असलं बारीक कळायचं, की आजूबाजूचे दोन-तीन मेकॅनिक आपली मोटर मला दाखवायला आणत. त्यामुळे माझा पक्का समज होता, की कान वाहतो एवढंच, बाकी तो माझ्या उजव्यापेक्षा तेज आहे.

मग त्या बाजूने कुणी बोललेलं का समजत नाही, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नाही. जेवायला बसताना भिंत डाव्या हाताला यावी अशी जागा धरायचो. दुकानात गल्ला असा ठेवला होता, की गिऱ्हाईक उजवीकडूनच यावं. आणि एवढं करूनही कुणी डावीकडून काही बोललंच, तर मी “हो” म्हणायचो. माणसाचा चेहरा हसरा असेल तर हसून हो, गंभीर असेल तर गंभीरपणे हो. शंभरातल्या नव्वद वेळा ते खपून जातं. उरलेल्या दहा वेळा लोक म्हणतात, याचं लक्ष नाही.

चार वर्षांपूर्वी यावलकडच्या एका मळ्यात गेलो होतो. तिथले आबा माझे जुने गिऱ्हाईक, सत्तरी ओलांडलेले. त्यांच्या विहिरीवरच्या मोटरचं कपलिंग, म्हणजे मोटर आणि पंप यांना जोडणारा भाग, हलत होता. मी ते सरळ करून बोल्ट आवळले आणि फडक्याने पुसत होतो. आबा माझ्या डाव्या हाताला, स्टार्टरच्या पेटीपाशी उभे होते. ते काहीतरी बोलले. मी हो म्हणालो. ते पुन्हा बोलले. मी पुन्हा हो म्हणालो. आणि मोटर सुरू झाली.

फडकं गरकन आत ओढलं गेलं. हात कसा सुटला ते मला आजही सांगता येणार नाही. मधल्या बोटाचं नख उचकटलं, बाकी काही झालं नाही. आबांनी बटण दाबून मोटर बंद केली आणि ते तिथेच, चिखलात, खाली बसले. 

“दोनदा इचारलं रे मी तुले,” ते म्हणाले. “सुरू करू का म्हनून. दोन्ही बारीले तू हो म्हनला.”

“आबा, मला ऐकू आलं नाही.”

“मंग हो कायले म्हनला?”

 आपल्याला ऐकू येत नाही, हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून काढलं.

घरी बायकोने बोटाला पट्टी बांधली. कसं झालं ते मी सांगितलं. उरलेली पट्टी तिने गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, “तुमच्या उशीची खोळ मी रोज सकाळी बदलते. तुम्हाला माहीत तरी आहे का?”

मला माहीत नव्हतं.

“वास येतो,” ती म्हणाली. “आज नाही, कितीतरी वर्षांपासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. आता चला.”

जळगावला कानाच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी दुर्बिणीतून कान साफ केला, बघितला आणि मग स्टीलचा एक चिमटा काढला. तो गुडघ्यावर आपटला की गुणगुणतो. तो त्यांनी माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला आणि विचारलं, “कुठल्या कानात ऐकू येतंय?”

“डाव्या,” मी म्हणालो. आणि थोड्या अभिमानाने सांगितलं, की त्या बाजूने मला हाडातून फार चांगलं ऐकू येतं, माझा धंदाच त्यावर चालतो. स्क्रूड्रायव्हरची गोष्टही सांगितली.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तोच चिमटा डाव्या कानाच्या बाहेर, हवेत धरला. मला काहीही ऐकू आलं नाही.

“भाऊ, तुमच्या कानाच्या आतलं मशीन चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “बाहेरून आत जायचा रस्ता बंद पडलाय. बाहेरचा गोंगाट आत येत नाही, म्हणून हाडातून आलेला आवाज त्या बाजूला मोठा वाटतो. ही तुमची हुशारी नाही, हा आजार आहे.”

स्कॅन झाला, ऐकण्याची तपासणी झाली. मॅडमनी कागदावर कानाचं चित्र काढून समजावलं. पडद्याच्या मागे कातडीची एक पिशवी तयार झाली होती. ती कॅन्सरची नव्हती, पण वाढत होती आणि वाढताना हाड कुरतडत होती. पडद्यामागे तीन बारीक हाडं असतात, आवाज एकातून दुसऱ्यात पोचवणारी. त्यातलं मधलं जवळपास खाऊन झालं होतं. त्यांनी पेनाने वर एक रेघ मारली. “याच्या पलीकडे मेंदू आहे. इथून चेहऱ्याची नस जाते. त्यामुळे ऑपरेशन करायलाच हवं.”

“म्हणजे ऐकू यायला लागेल.”

“मी तसं म्हटलं नाही. माझं पहिलं काम, हा आजार पूर्ण काढणं. दुसरं, कान कोरडा राहणं. ऐकू येणं हे तिसरं. ते सुधारेल, आहे तेवढं राहील किंवा कमीही होईल. बहुतेक वर्षभराने पुन्हा उघडून बघावं लागेल.”

“मॅडम, मी मोटर भरून दिली की वर्षाची गॅरंटी देतो.”

“तुम्ही तार नवीन घालता,” त्या म्हणाल्या. “मला जुन्यावरच काम करायचंय.”

त्यांचं हे बोलणं मला पटलं, असं मी त्या वेळी म्हणालो. पटलं नव्हतं. ऑपरेशन म्हणजे दुरुस्ती, आणि दुरुस्तीनंतर वस्तू आधीपेक्षा चांगली चालते, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

माझ्याच दिवशी आणखी एकाचं तेच ऑपरेशन होतं. धुळ्याचे एक चाचा, पॉवरलूमवर आयुष्य गेलेले. त्यांची मुलगी जळगावात दिलेली, म्हणून ते इकडे आले होते. त्यांचा उजवा कान. त्यांना ऐकण्याचं फारसं दुःख नव्हतं, मागाच्या खडखडाटात सगळेच बहिरे होतात असं ते म्हणत. त्यांचा त्रास वेगळा होता. कानाला धक्का लागला, जोरात शिंक आली, की सगळं जग गरगरायचं. मागावर दोनदा पडता पडता वाचले होते, तेव्हापासून मालकाने त्यांना मागाजवळ उभं राहू दिलं नव्हतं.

अहिराणी ते घरच्यासारखी बोलत. आमच्या फैजपूरकडची बोली निराळी, पण समजायला अडत नाही. ऑपरेशनच्या आधी आम्ही खाटांवर बसून गप्पा मारल्या. “भाऊ, माले ते चक्कर जावाले पाहिजे,” ते म्हणाले. “कान ऱ्हायना तं ऱ्हायना.”

ऑपरेशननंतर मात्र गप्पा बंद. कापलेला कान वर ठेवून झोपायचं असतं. मी उजव्या कुशीवर, ते डाव्या कुशीवर, दोघांची तोंडं समोरासमोर, आणि दोघांचेही चांगले कान उशीत. डोक्याला पांढरे पट्टे. ते काहीतरी म्हणायचे, मी काहीतरी म्हणायचो, एकमेकांना ओ की ठो कळायचं नाही. शेवटी त्यांनी हाताने पेल्याची खूण केली, मी मान हलवली, तेव्हा त्यांच्या मुलीने दोघांना चहा दिला. माझी बायको दारात उभी राहून हे बघत होती. नंतर कितीतरी दिवस ती ही नक्कल करून दाखवत असे.

घरी आल्यावर महिनाभर सूचना पाळल्या. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. कानाची पाळी लाकडासारखी बधिर झाली होती. सगळ्यात विचित्र म्हणजे जिभेच्या डाव्या बाजूला तांब्याची तार चघळल्यासारखी चव यायची. भरताची वांगी आली, बायकोने शेकोटीवर भाजून भरीत केलं, आणि मला ते अर्धं भरीत आणि अर्धं भंगार लागलं. चवीची एक नस कानातून जाते, ती ऑपरेशनमध्ये ताणली गेली होती. सहा-सात महिन्यांनी ते बरं झालं.

तीन आठवड्यांनी मॅडमनी कानातला बोळा काढला. मी श्वास धरून बसलो होतो. काहीच झालं नाही. वाटलं, अजून आत काही उरलं असेल. पुढे दोन महिन्यांनी कान भरून आल्यावर ऐकण्याची तपासणी झाली. काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. मी फार कमी वेळा बटण दाबलं. बाहेर आल्यावर जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले, तर नवी रेघ जुनीच्या खाली होती.

“कमी झालं?” मी विचारलं.

“थोडं कमी झालंय,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं मधलं हाड गेलेलंच होतं. त्याच्या जागी तो आजारच बसला होता आणि तोच थोडाफार आवाज पुढे नेत होता. मी तो काढला. आता मध्ये मोकळी जागा आहे.”

“म्हणजे बिघाडच काम करत होता.”

“हो. आणि तोच तुम्हाला एक दिवस मारू शकला असता.”

मी रागावलो होतो. कुणावर ते सांगता येत नव्हतं. त्यांनी सगळं आधी सांगितलं होतं, मी कागदावर सही केली होती. तरी बसस्टँडपर्यंत मी बायकोशी बोललो नाही. बसमध्ये ती मुद्दाम माझ्या डाव्या हाताला बसली. मी म्हटलं, इकडे बस, ऐकू येत नाही. ती उठून पलीकडे आली आणि म्हणाली, “मला काही बोलायचं नव्हतं. बघत होते. आता वास येत नाही.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून मी खिशातल्या कापसाला हात लावला नव्हता. सकाळपासून काय, पंधरा दिवसांपासून. कान कोरडा होता. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. हे आनंदाचं होतं, पण त्या दिवशी मला त्याचा आनंद होईना.

चाचांना फोन केला. त्यांचा निकाल आणखी वाईट होता. आजाराने त्यांच्या आतल्या कानाचं, तोल सांभाळणाऱ्या भागाचं हाड फोडलं होतं. ऑपरेशनमध्ये तिथून सगळं काढताना तो कान पूर्ण गेला. मॅडमनी त्यांनाही ही शक्यता आधी सांगितली होती. मला वाटलं, माणूस खचला असेल. पण ते म्हणाले, “कान मरी गया, भाऊ. पन चक्कर बी गयी. काल मी एकटा मशिदीमा चालत गयू. कोन्हा हात नही धरा.”

मला लाज वाटली. माझा कान जिवंत होता आणि मी बसमध्ये तोंड फुगवून बसलो होतो.

त्या वर्षात मी एक गोष्ट शिकलो, ती म्हणजे सांगणं. दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगायचो, “या बाजूने बोला, डावीकडून मला येत नाही.” पहिले काही दिवस जीभ अडखळली. मग लक्षात आलं, की लोकांना त्याचं काहीच वाटत नाही, ते फक्त दोन पावलं सरकतात. तीस वर्षं मी जे लपवलं ते दोन पावलांचं काम होतं. आबांच्या मळ्यातही गेलो. आता ते स्टार्टरजवळ जाण्याआधी समोर येऊन उभे राहतात, माझा हात धरून बाजूला घेतात आणि मगच बटण दाबतात. इतक्या काळजीची गरज नाही, पण मी त्यांना थांबवत नाही.

वर्षभराने दुसरं ऑपरेशन झालं. आजार पुन्हा आलेला नव्हता. रिकाम्या जागेत मॅडमनी टायटॅनियमचा एक छोटा खांब बसवला. आदल्या दिवशी मी विचारलं होतं, की बघायला मिळेल का. त्यांनी पाकिटातला दाखवला. तांदळाच्या कणीएवढा, एका टोकाला बारीक चकती. मी आयुष्यभर कपलिंगं बसवली, एवढं लहान कपलिंग पाहिलं नव्हतं. “आणि हे निसटलं तर?” मी विचारलं. “निसटू शकतं,” त्या म्हणाल्या. या वेळी मी गॅरंटी मागितली नाही.

बोळा निघाला त्या दिवशीही काही चमत्कार झाला नाही. मॅडमच्या टेबलावरचा कागद खडखडला, तो पत्र्यासारखा वाजला, एवढंच. आठवडाभर डाव्या बाजूचा प्रत्येक आवाज तसा पत्र्याचा होता. मग एका दुपारी मी दुकानात कॉइल गुंडाळत बसलो होतो. कुणीतरी हाक मारली. मी मान डावीकडे वळवली, तर बोलावणारा माणूस तिथेच उभा होता. मी पुन्हा कॉइलकडे वळलो, आणि मग थांबलो. आजवर कुणी हाक मारली की मी चारही बाजूंना शोधायचो. आवाज ऐकू यायचा, पण तो कुठून आला हे मला कधी कळतच नव्हतं. दोन कान लागतात त्याला. लोकांना हे जन्मापासून येतं, मला शेहेचाळीसाव्या वर्षी आलं. त्या माणसाला मी पुन्हा बाहेर जाऊन हाक मारायला लावली, दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून. तो पाण्याच्या पंपाचं बेरिंग घ्यायला आला होता. त्याला काय वाटलं असेल ते वाटो.

नव्या तपासणीत रेघ बरीच वर आली होती. उजव्या कानाएवढी नाही. लग्नाच्या मांडवात, गर्दीत, मला अजून अर्धंच कळतं. हलक्या आवाजात बोललेलं निसटतं. मॅडमनी हवं तर ऐकायचं मशीन लावा असं सुचवलंय, मी अजून ठरवलेलं नाही. आणि एक गोष्ट गेली. स्क्रूड्रायव्हरची मूठ डाव्या कानामागे लावली, की आता पूर्वीसारखी खरखर येत नाही. मी ती तक्रार मॅडमना सांगितली, तेव्हा मात्र त्या मोठ्याने हसल्या. “रस्ता उघडला ना आता. कानात बोट घालून बघा.” दुकानात आल्यावर बोट घालून बघितलं. येतं. पण तेवढं नाही.

मागच्या हिवाळ्यात धुळ्याला गेलो होतो, तांब्याच्या तारेच्या व्यापाऱ्याकडे. काम झाल्यावर चाचांच्या घरी गेलो. मालकाने त्यांना पुन्हा कामावर घेतलंय, मागावर नाही, कांड्यांवर सूत भरायला. ते मला कारखान्यात घेऊन गेले. दारातच तो खडखडाट अंगावर आला. मी डाव्या कानावर हात धरला. ते बघून चाचा खूश झाले. त्यांनी माझ्या उजव्या कानाशी तोंड आणलं आणि ओरडून म्हणाले, “आवाज लागस का त्या कानले? लागस ना?”

“लागतो,” मी ओरडलो.

त्यांनी शेजारच्या दोघा कामगारांना खूण करून माझा कान दाखवला, जणू तो त्यांनीच बसवला होता. त्यांच्या तोंडावर हेवा नव्हता, मी नीट बघितलं. मला विचारायचं होतं, की तुम्हाला कधी वाईट वाटतं का, तेच ऑपरेशन, तीच खोली, त्याच मॅडम, आणि असं का झालं. बाहेर आल्यावर विचारलं.

 “वाटस,” ते म्हणाले. “नात डाव्या बाजूले येस तवय नही वाटत. उजव्या बाजूले येस आनि मी वळस नही, तं ती रुसस. तवय वाटस.” मग आधी उजव्या आणि नंतर डाव्या कानाकडे बोट करत म्हणाले, “तिले सांगेल शे, बेटा, आठे नही, तठे बस. आते ती सोता तठे बसस.”

घरी त्यांच्या बायकोने पुलाव केला होता. आम्ही जेवलो. पाच-सहा वर्षांची ती नात आजोबांच्या डाव्या मांडीवर येऊन बसली आणि त्यांच्या ताटातलं खाऊ लागली. तिने मला विचारलं, “तुम्हाला कुठून ऐकू येतं?” मी म्हटलं, दोन्हीकडून, पण इकडून जरा मोठ्याने बोलावं लागतं. तिने लगेच त्या बाजूला येऊन मोठ्याने बोलून बघितलं. तिच्या शाळेत कोण कोण आहे ते सगळं सांगितलं. बहुतेक सगळं कळलं. एक-दोन नावं कळली नाहीत, ती मी पुन्हा विचारली.